हृदयस्पंदनाचे तंत्रिका-नियंत्रण

शरीराच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या गरजेनुसार हृदयाच्या ठोक्यांचा वेग व जोर कमीजास्त करणारी स्वायत्त तंत्रिका तंत्राची यंत्रणा. ठोका निर्माण करणे हे तिचे काम नाही. तो हृदयाच्या स्नायूतच उमटतो. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारद्रवात ठेवले, तर ते कोणत्याही तंत्रिकेवाचून बराच वेळ धडधडत राहते.

हा ठोका उजव्या अलिंदात, ऊर्ध्व महानीला जिथे उघडते तिथल्या विशेष स्नायुपेशींच्या छोट्या पुंजक्यात सुरू होतो. त्याला एसए नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. हृदयाच्या इतर स्नायुपेशी उद्दीपन येईपर्यंत विद्युत्‌दृष्ट्या स्थिर असतात. या पेशींना स्थिर राहताच येत नाही. एक ठोका संपला की सोडियमचे आयन हळूहळू आत झिरपू लागतात, मागोमाग कॅल्शियमचे येतात, आणि पेशीपटलावरील विद्युत्‌दाबाने ठरावीक मर्यादा ओलांडली की पुढचा ठोका सुटतो. ही लहर अलिंदांतून पसरत एव्ही नोडपाशी येते व तिथे सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. तेवढ्या अवधीत अलिंदे आपले रक्त निलयांत उतरवतात. मग हिसचा जुडगा आणि पुर्किंजे तंतू यांच्यावाटे ती वेगाने निलयांत पोहोचते.

या यंत्रणेवर दोन प्रकारच्या तंत्रिकांचा अंमल चालतो. लंबमज्जेतून निघणारी प्राणेशा किंवा व्हेगस तंत्रिका ठोके मंदावते. मेरुरज्जूच्या वक्षीय भागातून येणारे अनुकंपी तंतू ते वाढवतात आणि आकुंचनाचा जोरही वाढवतात. या दोन्ही तंत्रिकांचे बळ सारखे असते, असा समज होण्याचा संभव आहे. निदान विश्रांतीत तरी तो चुकीचा आहे. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते, बहुतेकांची ७० च्या आसपास. परंतु दोन्ही तंत्रिकांचा प्रभाव औषधांनी थांबवला, तर तरुण माणसात एसए नोडचा स्वतःचा वेग १०० किंवा त्याहूनही थोडा अधिक भरतो. शांत बसलेल्या माणसाचे हृदय व्हेगसने असे सतत लगाम खेचून धरलेले असते. जिना चढू लागताच नाडी वाढते, ती सुरुवातीला मुख्यतः हा लगाम सैल झाल्यामुळे; अनुकंपी तंत्रिकांचा परिणाम त्यानंतर काही सेकंदांनी दिसू लागतो. धोत्र्याच्या विषबाधेत नाडी भरधाव सुटते त्याचे एक प्रमुख कारणही हेच आहे: धोत्र्यातील ॲट्रोपीन व त्याच्या जातीची द्रव्ये व्हेगसचा संदेश हृदयापर्यंत पोहोचू देत नाहीत.

व्हेगसला उद्दीपित केल्यास हृदय थांबते, हे एर्न्स्ट आणि एदुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले होते. तंत्रिका हे नेमके कसे करते, याचे उत्तर मिळायला पाऊण शतक लागले. ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये क्षारद्रवात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस उद्दीपित करताच ते मंदावले. त्याच्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले, जणू त्याचीच तंत्रिका छेडली होती. तंत्रिका स्नायूशी रसायनाच्या द्वारे बोलते, याचा हा थेट पुरावा १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या साध्या साधनांनी इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे शरीरक्रियाविज्ञानात थोडीच आहेत. ते रसायन ॲसिटिलकोलीन होय. ते एसए नोडच्या पेशींतून पोटॅशियमला बाहेर जाण्याची वाट मोकळी करते, त्यामुळे पुढचा ठोका लांबतो. लोवी यांना हेन्री डेल यांच्यासमवेत १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अनुकंपी तंतूंचे रसायन नॉरॲड्रेनॅलिन आहे. अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात येणारे ॲड्रेनॅलिन त्याला साथ देते.

मेंदूला रक्तदाबाची वार्ता महारोहिणीच्या कमानीतील आणि ग्रीवा रोहिणीतील ताणग्राहींकडून मिळते. झोपलेला माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, दाब किंचित घटतो, ताणग्राहींचे संदेश विरळ होतात. लंबमज्जा लगेच व्हेगसचा प्रभाव आवरते व नाडी वाढते. श्वासाबरोबरही नाडी बदलते. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो. तो रोग नसून व्हेगस नीट काम करत असल्याची खूण आहे.

हृदयारोपणात दात्याच्या हृदयाच्या तंत्रिका तोडाव्याच लागतात. भारतात असे पहिले आरोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात केले. रुग्ण काही तासच जगला. आज अशा रुग्णांना वर्षानुवर्षे आयुष्य लाभते. त्यांची विश्रांतीतील नाडी बहुधा ९० ते ११० असते, आणि व्यायाम करताना ती सावकाश वाढते, कारण रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनॅलिनची तिला वाट पाहावी लागते.

दीर्घकाळच्या मधुमेहातही या तंत्रिका झिजतात आणि पहिला फटका बहुधा व्हेगसला बसतो. नाडी विश्रांतीतही जलद राहते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येऊ शकतो. ही झीज ओळखण्याची चाचणी सोपी आहे. रुग्णाला मिनिटाला सहा या लयीत खोल श्वास घ्यायला सांगून ईसीजी काढतात. श्वास घेताना व सोडताना मोजलेल्या ठोक्यांच्या वेगात मिनिटाला १५ किंवा अधिक फरक असल्यास व्हेगस शाबूत समजतात. तो १० पेक्षा कमी भरला, तर तंत्रिकेला इजा झाल्याचे मानतात. मात्र उतारवयात हा फरक मुळातच कमी होत असल्याने निष्कर्ष काढताना रुग्णाचे वय लक्षात घ्यावे लागते.