विश्वकिरणांचें माहेर



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, माहुल नांवाचें कोळ्यांचें जुनें गांव आहे. १९५५ सालीं गांवाशेजारीं तेलशुद्धीचा मोठा कारखाना सुरू झाला. आज तेथून रात्रीं मोजकेच तारे दिसतात. अशा जागेचा आणि अतिदूरच्या तारकाविश्वांचा कांहीं संबंध असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु डोंगराच्या पलीकडच्या अंगास १९५४ सालीं स्थापन झालेली जी अणुसंस्था आहे, आणि जी १९६७ पासून होमी भाभांच्या नांवानें ओळखली जाते, तिनें या शोधांत आपला वांटा उचललेला आहे. अणुविद्येच्या घरीं ताऱ्यांची चौकशी कां व्हावी, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

गोष्ट सुरू होते १८८५ च्या ऑगस्टांत. देवयानी तारकासमूहांत नुसत्या डोळ्यांना अंधुक ठिपक्याप्रमाणें दिसणारा एक तेजोमेघ आहे. त्यांत एक नवा तारा प्रकट झाला आणि कांहीं महिन्यांत विझून गेला. हा मेघ आपल्याच आकाशगंगेंत आहे, कीं तें बाहेरचें स्वतंत्र तारकाविश्व आहे, असा त्या काळीं वाद होता. पुष्कळांनीं या ताऱ्याचाच पुरावा पुढें केला. मेघ फार दूर असेल, तर त्यांतील एकटा तारा एवढा तेजस्वी दिसणार कसा? १९२० च्या प्रसिद्ध वादांत हार्लो शॅप्ली यांनींहि हा मुद्दा मांडला. तर्क बिनतोड वाटत होता. निष्कर्ष मात्र चुकीचा निघाला. चार-पांच वर्षांतच एडविन हबल यांनीं देवयानी आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर असल्याचें सिद्ध केलें. आज तें अंतर सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें धरतात. तेव्हां तो तारा नेहमींच्या नवताऱ्यांहून हजारों पटींनीं तेजस्वी असला पाहिजे, हें ओघानेंच आलें.

१९३४ सालीं वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनीं अशा ताऱ्यांचा निराळा वर्ग मानला. त्यांना आपण अतिनवतारे म्हणतों. त्या दोघांचें अनुमान धाडसी होतें. सामान्य तारा कोसळून केवळ न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा उरतो, आणि त्या स्फोटांतूनच विश्वकिरण निर्माण होतात, असें त्यांनीं म्हटलें.

येथें भाभांचा संबंध येतो. विश्वकिरण म्हणजे अंतराळांतून पृथ्वीवर अखंड आदळणारे अतिवेगवान कण. व्हिक्टर हेस यांनीं १९१२ सालीं फुग्यांतून वर जाऊन त्यांचा छडा लावला होता. असा एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणांत शिरला म्हणजे त्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याचें गणित भाभा व हाइटलर यांनीं १९३७ सालीं मांडलें.

पण हे किरण येतात कोठून? त्यांचे कण विद्युद्भारित असतात, आणि वाटेंतील चुंबकीय क्षेत्रें त्यांना इतकीं वळणें देतात कीं, त्यांच्या दिशेवरून उगमस्थान सांगतां येत नाहीं. त्यांच्याच पोटीं जन्मलेले गॅमा किरण मात्र सरळ येतात. ते हवेंत शिरले कीं भाभांनीं वर्णिलेला तोच वर्षाव होतो, आणि त्यांतून निळसर प्रकाशाची अब्जांश सेकंदांत संपणारी चमक उमटते. ती मोठ्या आरशांनीं टिपतां येते. भाभा केंद्रानें यासाठीं अबूच्या पहाडावर ‘टॅक्टिक’ ही दुर्बीण उभारली, आणि लडाखांत हानले येथें २१ मीटर व्यासाची ‘मेस’. हिचें उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्यें झालें.

अशा दुर्बिणी वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघावर पारखून घेतात. १०५४ सालीं चिनी ज्योतिष्यांनीं तेथें भरदिवसा दिसणारा तारा नोंदला होता. हा मेघ त्याचाच अवशेष. १९६८ सालीं त्याच्या गाभ्यांत सेकंदाला सुमारें ३० वेळां फिरणारा न्यूट्रॉनतारा सांपडला. बाडे-झ्विकींच्या अनुमानाचा एक भाग खरा ठरला.

दुसरा भाग सिद्ध करणें अवघड होतें. १९९७ सालीं मार्केरियन ५०१ नांवाची दीर्घिका गॅमा किरणांनीं भडकली, आणि टॅक्टिकनेंहि ती पाहिली. पण तेथील तेज ताऱ्यांचें नव्हे. तें दीर्घिकेच्या मध्याशीं असलेल्या प्रचंड कृष्णविवराजवळून उसळणाऱ्या झोताचें आहे. जेथें तारे अधिक फुटतात तेथेंच विश्वकिरण अधिक आहेत, असें दिसावयास हवें होतें.

अशी एक दीर्घिका सप्तर्षींच्या परिसरांत, सुमारें १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिचें नांव एम ८२. १९६३ सालीं तिच्या मध्यभागीं प्रचंड स्फोट झाल्याचें शास्त्रज्ञांस वाटलें. पुढें कळलें कीं, तेथें तारे फार झपाट्यानें जन्मतात व मरतात, आणि त्या सर्वांचा मिळून वारा वायूला बाहेर लोटतो. २००९ सालीं अमेरिकेंतील ‘व्हेरिटास’ दुर्बिणींना तिचे गॅमा किरण सांपडले. त्यांवरून तिच्या गाभ्यांत विश्वकिरणांची दाटी आपल्याकडील सरासरीच्या सुमारें ५०० पट ठरली. त्याच वर्षीं नामिबियांतील दुर्बिणींना एन्‌जीसी २५३ या तशाच दीर्घिकेंत हेंच आढळलें. पंचाहत्तर वर्षांपूर्वींच्या अनुमानास मोठा आधार मिळाला.

याच एम ८२ मध्यें २१ जानेवारी २०१४ रोजीं एक अतिनवतारा सांपडला. तो कोणा निर्जन पर्वतावरून नव्हे, तर ढगाळलेल्या लंडन शहरांतून. एका अध्यापकास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांस, शिकवितां शिकवितां!

सर्वांत प्रबळ विश्वकिरणांचा उगम अद्यापि निश्चित झालेला नाहीं. १८८५ च्या ताऱ्यानें बिनतोड दिसणारा तर्कहि खोटा पाडला, हें ध्यानांत ठेवून ती चौकशी पुढें चालली आहे, आणि माहुलच्या डोंगरापलीकडचे संशोधकहि तिच्यांत आहेत.