कमानीखालचा टेकू

विल्यम शोल जोड्यांच्या दुकानात माल खपवायला जाई, तेव्हा आधी माणसाच्या पावलाचा सांगाडा काढून काउंटरवर ठेवी. सव्वीस हाडं, तेहतीस सांधे आणि त्यावर अख्ख्या देहाचा भार! दुकानदार वाकून बघू लागला की मधली कमान खचल्यावर काय होतं ते शोल समजावून सांगे आणि मग आपली वस्तू पुढे सरकवी. चामड्यात बसवलेली धातूची लवचिक पट्टी, बुटाच्या आत घालायची. तिचं नाव ‘फूट-ईझर’, गाव शिकागो, साल 1904 च्या आसपासचं. पाय दुखणारी वयस्क मंडळी आज औषधाच्या दुकानात ‘आर्च सपोर्ट आहे का’ म्हणून विचारतात, तो धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या माणसामुळे.

कल्पना मात्र त्याची नव्हती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचे सर्जन टी. एस. एलिस 1870 च्या दशकापासून सांगत होते की सपाट पायावर इलाज चवड्यांवर उभं राहण्याचा आहे. टाचा उचला, सावकाश खाली आणा, पुन्हा उचला. न्यूयॉर्कमध्ये रॉयल व्हिटमन यांनी 1880 च्या दशकाच्या अखेरीस पोलादी पत्र्याची पट्टी बनवली. रोग्याच्या पावलाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर ती ठोकून घेतली जाई. पण व्हिटमनही नुसती पट्टी देऊन रोग्याला घरी पाठवत नसत, व्यायाम सोबत असेच. पट्टी दुखऱ्या पायाला चालतं ठेवण्यासाठी आणि स्नायू कमवायचे ते कायमच्या गुणासाठी, असा हिशेब होता.

दुकानात गेल्यावर या हिशेबातला व्यायाम गळाला आणि पट्टी राहिली. साहजिकच आहे, चवड्यांवर उभं राहणं डबीत भरून विकता येत नाही.

शोल हा इंडियानातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आजोबा चांभारकाम करणारे. शिकागोत जोड्यांच्या दुकानात नोकरी करताना गिऱ्हाइकांच्या पायांची दुर्दशा त्याने रोज पाहिली आणि नोकरी सांभाळून वैद्यकाचं शिक्षण घेतलं. 1912 मध्ये त्याने पायांच्या उपचारांचं कॉलेज काढलं, दुकानातल्या नोकरांसाठी अभ्यासक्रम चालवला. 1916 मध्ये तर त्याने ‘सिंड्रेलाचं पाऊल’ शोधण्याची स्पर्धा लावली. बायका दुकानात येत, त्याच्या यंत्रावर पाय ठेवून ठसा उमटवत. बक्षीस एकीलाच मिळायचं, पण आपलं पाऊल आदर्श नाही हे कागदावर बघून घरी जाणाऱ्या हजारोंनी पुढे पट्ट्या घेतल्या असतील तर नवल नाही. जाहिरातीचा हा डाव आजही जुना झालेला नाही.

सपाट पाय म्हणजे व्याधी, ही समजूत दोन्ही महायुद्धांच्या भरतीपर्यंत पक्की झाली होती. तिला तडा गेला तो 1947 मध्ये. आर. आय. हॅरिस आणि टी. बीथ यांनी कॅनडाच्या सैन्यातल्या सुमारे 3,600 जवानांचे पाय तपासले. लवचिक सपाट पाय असलेले पुष्कळ जण बिनतक्रार चालत होते. दुखत होतं ते मुख्यतः ताठर पाय किंवा आखडलेली पोटरी असलेल्यांचं. पुढे 1954 मध्ये जे. एच. हिक्स यांनी दाखवलं की कमान तोलून धरण्यात टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळव्याच्या जाड पट्ट्याचा मोठा वाटा असतो. उभ्याउभ्या अंगठा हाताने वर उचलून पाहावा. तो पट्टा ताणला जातो आणि कमान डोळ्यांदेखत वर येते. म्हणजे ही कमान दगडी पुलासारखी नुसती रचलेली नाही, दर पावलाला ती सैल होते आणि पुन्हा आवळते. मग तिच्याखाली कायमचा टेकू कशाला, असा प्रश्न येणारच होता.

गंमत म्हणजे त्याचं एक उत्तर शोलच्याच कंपनीने बाजारात आणलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिने लाकडी ‘एक्सरसाइज सँडल’ काढली. वर एकच पट्टा आणि बोटांखाली उंचवटा, म्हणजे चालताना बोटांनी पकड घ्यावीच लागते. खडावांचा खुंटा अंगठ्यात धरून चालणाऱ्यांच्या देशात यात नवं काही वाटू नये.

इथपर्यंतची कथा बहुतेक तरुण पायांची. म्हातारपणी खचणारी कमान हा वेगळा प्रकार आहे, आणि वैद्यकाने तिच्याकडे उशिरा लक्ष दिलं. नडगीमागून निघून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात उतरणारा एक स्नायुबंध कमान उचलून धरतो. वयाबरोबर तो झिजतो, लठ्ठपणा आणि मधुमेह त्यात भर घालतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. घोट्याच्या आत सूज येते, मग एका बाजूची कमान हळूहळू बसते आणि घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता.’ 1989 मध्ये जॉन्सन आणि स्ट्रॉम या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी या दुखण्याच्या पायऱ्या मांडल्या. ओळखायची खूण साधी आहे. माणसाला पाठमोरं उभं करून मागून पाहायचं. खचलेल्या पायाची बाहेरच्या अंगाला नेहमीपेक्षा जास्त बोटं दिसतात. त्या एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली तर ती उचलत नाही. अशा रोग्याला मात्र टेकू खरोखर लागतो, आणि तोही वेळेवर.

भारतातला धागा वेगळ्याच रोगातून आला. वेल्लोर आणि करीगिरीत पॉल ब्रँड आणि सहकारी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करत होते. तळव्यावरचा दाब एका जागी न साचता पसरावा म्हणून तिथे सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे तळ वापरात आले. तीच ‘एमसीआर’ चप्पल आज मधुमेह असलेले आणि टाच दुखणारे आजी-आजोबा घरात घालतात. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी 1992 मध्ये 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे प्रसिद्ध केले. पायात जोडे घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. ‘अनवाणीच चाला’ म्हणणाऱ्यांना हा आकडा आवडतो, पण तो वाढत्या वयाच्या मुलांचा आहे. सत्तरीत टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असते. तेव्हा शहाबादी फरशी बोचते आणि कोल्हापुरीचा कडक सपाट तळही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण दुखऱ्या तळव्याच्या आजोबांनी ती लग्नकार्यापुरती ठेवलेली बरी.

टेकू की व्यायाम हा वाद वयस्कांपुरता ज्या प्रयोगात बाजूला पडला, तो मेलबर्नचा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाय दुखणारे, पासष्टीपुढचे 305 जण होते. निम्म्यांना पायांची नेहमीची देखभाल मिळाली. उरलेल्यांना त्यासोबत बुटात घालायचे तयार इनसोल, पादत्राणं कशी निवडावीत याचा सल्ला आणि ती विकत घ्यायला थोडी मदत, पडण्याबद्दलची माहिती, शिवाय सहा महिने आठवड्यातून तीनदा घरी करायचा घोट्याचा आणि बोटांचा व्यायाम. वर्षभरात या गटात पडण्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी राहिलं. व्यायामात एलिस यांचं टाचा उचलणं होतं, आणि पायाच्या बोटांनी जमिनीवरचे खडे उचलणंही.