वस्तूचा विचार शिकवणारे आचार्य : सुधाकर नाडकर्णी

इतिहासात राजांची, सेनानींची, संतांची आणि ग्रंथकारांची नावे राहतात. ज्या वस्तू आपण दिवसातून दहा वेळा हाताळतो, त्यांना रूप देणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसतात. मतदान यंत्राचेच उदाहरण घेऊ. नेवासे, पाथर्डी किंवा अकोले तालुक्यातील एखादी निरक्षर आजी मतदान केंद्रात जाते, ओळखीच्या चिन्हासमोरचे निळे बटण दाबते, लाल दिवा लागतो, आवाज होतो आणि आपले मत नोंदले गेले अशी तिची खात्री पटते. बटण कोठे असावे, चिन्ह किती मोठे असावे, दिवा कोणत्या क्षणी लागावा, हे सारे कोणीतरी तिचा विचार करूनच ठरवलेले असते. या यंत्राच्या रूपरचनेचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केले. २००४ साली लोकसभेची निवडणूक देशभर याच यंत्रांवर झाली. ज्या केंद्रात हे काम झाले, ते उभारणारे शिक्षक म्हणजे प्रा. सुधाकर नाडकर्णी. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या जिल्ह्यापुढे उभा राहणारा एक प्रश्न मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मराठीत या विषयाला अजून सर्वमान्य नाव मिळालेले नाही. कोणी आरेखन म्हणतात, कोणी अभिकल्प. बोलताना सगळे डिझाइनच म्हणतात आणि लुगड्याच्या काठावरील वेलबुट्टीलाही तोच शब्द लावतात. म्हणून गैरसमज होतो. वस्तू कोणासाठी आहे, ती तो कशी धरील, कशी उचलील, कोठे ठेवील, कशी धुईल, तिची किंमत त्याला परवडेल काय, या सर्वांचा विचार करून तिला जे रूप द्यायचे ते डिझाइन. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी आपल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा गौरव केला, तो याच कारणासाठी. तो कोणा एकाने निर्माण केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी मिळून त्याचा तोल, त्याचा काठ आणि त्याचे पोट निश्चित केले आहे.

गावगाड्यात हे काम सुताराच्या आणि लोहाराच्या दारात होत असे. पाभरीची उंची आपल्या बैलांना जुळत नाही, विळ्याची मूठ हाताला लागते, असे शेतकरी समोर बसून सांगे आणि कारागीर त्याप्रमाणे बदल करी. वापरणारा आणि घडवणारा एकमेकांना ओळखत होते. कारखाना आला आणि ही ओळख तुटली. एका ठिकाणी लाखो वस्तू तयार होऊ लागल्या आणि त्या वापरणारा माणूस घडवणाऱ्याला दिसेनासा झाला. त्या न दिसणाऱ्या माणसाची बाजू कारखान्यात मांडणारा कोणी हवा होता. डिझाइनरचा व्यवसाय जन्माला आला तो या गरजेतून.

या प्रश्नाची जाण आपल्या नगरला लवकर झाली होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे यंत्रविद्या जाणणारे मिशनरी येथे आले. विणकरांच्या या शहरात गिरणीच्या कापडापुढे हातमागाला तग धरता यावा म्हणून त्यांनी सुधारित माग तयार केला. विणकराचे श्रम आणि त्याची मिळकत डोळ्यांसमोर ठेवून यंत्राला रूप देण्याचा तो प्रयत्न होता. परंतु असे प्रयत्न व्यक्तीबरोबर येतात आणि व्यक्तीबरोबरच ओसरतात. ते टिकायचे तर त्यांचे शिक्षण देणारी संस्था हवी.

अशी संस्था आपल्याकडे नव्हती. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पुढे पुण्यामुंबईत अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली. पण चित्र काढणारा एका इमारतीत आणि यंत्र करणारा दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी कायम राहिली. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्या मुलाला घरचे लोक कौतुकाने पाहत, परंतु दहावीनंतर ‘आता चित्रे पुरे’ असे सांगत. नाडकर्णी या पहिल्या इमारतीतून आले. ते जे. जे. चे विद्यार्थी. त्यांनी पुढे दुसऱ्या इमारतीत जाऊन आपल्या विषयाचा विभाग उघडला. त्यांच्या कार्याचे मोठेपण प्रथम येथे आहे.

या दोन टोकांमध्ये उल्म आहे. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या या शहरातील रचनाविद्यालयाचा जन्म एका बलिदानातून झाला. म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रके वाटल्याबद्दल हान्स आणि सोफी शोल या भावंडांना २२ फेब्रुवारी १९४३ रोजी देहदंड देण्यात आला. सोफी तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्यांची बहीण इंगे, तिचे पती ओटल आयशर आणि स्विस रचनाकार माक्स बिल यांनी त्या भावंडांच्या स्मरणार्थ १९५३ साली हे विद्यालय सुरू केले. आयशर कॅथलिक कुटुंबात वाढलेले. हिटलरच्या युवासंघटनेत जाण्यास त्यांनी नकार दिला होता. संस्थापकांची धारणा अशी की, भव्य देखाव्याने आणि घोषणांनी लोकांना भुलवणाऱ्या राजवटीला उत्तर द्यायचे, तर रोजच्या जीवनातील वस्तू प्रामाणिक केल्या पाहिजेत. तेथील प्रसिद्ध स्टूल पाहावे : तीन फळ्या आणि खाली एक गोल दांडी. त्यावर बसता येते, आडवे केले की तेच छोटे टेबल होते, आणि दांडीला धरून उचलून नेता येते. त्यात अनावश्यक असे काही नाही.

१९६०च्या दशकात नाडकर्णी या विद्यालयात शिकले. आपल्या पदविकेसाठी त्यांनी निवडलेला विषय लक्षात घेण्यासारखा आहे. युरोपातील कारखान्यासाठी एखादा देखणा रेडिओ त्यांना करता आला असता. त्यांनी निवडले भारतातील दूध-वितरण केंद्र.

ज्यांनी त्या काळची मुंबई पाहिली आहे, त्यांना या निवडीचा अर्थ कळेल. पहाटेच्या अंधारात दुधाच्या केंद्रापुढे रांग लागे. हातात कार्ड आणि रिकाम्या बाटल्या. ट्रकमधून भरलेल्या बाटल्यांचे क्रेट उतरत आणि रिकाम्या बाटल्यांचे चढत. रांगेत म्हाताऱ्या बाया असत, शाळेत जाण्यापूर्वी पाठवलेली मुले असत, पावसाळ्यात छत्र्या असत. अशा केंद्राची रचना करणाऱ्याने काय काय पाहायचे ? फळीची उंची मुलाच्या हाताला पोचते काय ? आत बसलेल्याला वाकून किती वेळा क्रेट उचलावे लागतात ? सांडलेले दूध धुऊन कोठे जाते ? पदपथावर रांग उभी राहिली तर चालणाऱ्याला वाट उरते काय ? केंद्र कारखान्यात सुट्या भागांनी तयार करून जागेवर जोडता येईल काय ? यातील एकही प्रश्न सौंदर्याचा नाही. पण त्या सर्वांची उत्तरे नीट मिळाली की जी वस्तू उभी राहते, ती डोळ्यांनाही बरी वाटते, ही उल्मची शिकवण होती. १९६८ साली अनुदान थांबल्याने ते विद्यालय बंद पडले. त्याचे काम मात्र दूरच्या देशांत गेलेल्या विद्यार्थ्यांनी चालू ठेवले.

मायदेशी परतल्यावर नाडकर्णींनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अध्यापन केले. ईम्स यांच्या अहवालातून १९६१ साली उभी राहिलेली ती संस्था होती. नंतर १९६९ साली केंद्र सरकारच्या आश्रयाने पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर स्थापन झाले आणि त्याची धुरा नाडकर्णींकडे आली. यंत्र चालते की नाही, एवढेच पाहणाऱ्या वातावरणात त्यांनी ते कोणासाठी चालते हा प्रश्न आणून ठेवला. अभियंते आणि वास्तुविशारद येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊ लागले.

त्या प्रश्नाची निकड किती होती, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको. १९७२ साली बाजारात आलेली, आपल्या नगरच्या कायनेटिक कारखान्याची लूना आठवावी. तिचा मूळ आराखडा इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीचा. या छोट्या गाडीने शिक्षकांची, ग्रामसेवकांची, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची मोठी सोय केली, यात शंका नाही. परंतु गवळ्याने तिला दुधाचे कॅन अडकवायचे ठरवले, तेव्हा त्याला वेल्डिंगच्या दुकानातच जावे लागले. तेथील कारागिराने लोखंडी सळ्यांचा सांगाडा जोडून दिला. इटलीतील रचनाकाराला दुधाचा कॅन दिसला नव्हता, वेल्डरला दिसला. आपल्या गरजा पाहून आपल्या वस्तू कोणी घडवायच्या, हा नाडकर्णींच्या शिक्षणाचा गाभा त्या सांगाड्यात स्पष्ट दिसतो.

पवईच्या केंद्राचे फळ पुढे अनेक अंगांनी दिसले. मतदान यंत्राचा उल्लेख वर आलाच आहे. ज्येष्ठ अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. २०१० साली भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार यांनी तयार केले. त्यांनी पवईच्या याच केंद्रात डॉक्टरेटचा अभ्यास केला आणि पुढे ते गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइनचे अध्यापक झाले. गुवाहाटीचा तो विभागही नाडकर्णींनीच १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला होता. आयआयटींमध्ये डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम प्रथम तेथे आला. त्यानंतर मुंबईच्या वेलिंगकर संस्थेत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी डिझाइनचे शिक्षण सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. अभियंता, बारावी झालेला विद्यार्थी आणि व्यवस्थापक, अशा तीन निरनिराळ्या वर्गांसाठी त्यांनी दारे उघडली. स्वतःच्या नावाची वस्तू बाजारात गाजावी याऐवजी विचार करणाऱ्यांच्या पिढ्या तयार व्हाव्यात, हा मार्ग त्यांनी पत्करला.

मात्र या इतिहासाला एक उणी बाजू आहे. हे शिक्षण बराच काळ पदवीधरांपुरते राहिले. लोटा ज्याने घडवला, पाभरीची उंची ज्याने बदलली, लूनाला सांगाडा ज्याने जोडला, त्याच्या घरात त्याची वार्ता पोचली नाही. आपल्या जिल्ह्यात सुताराचा, लोहाराचा, विणकराचा मुलगा आयटीआयमध्ये जातो. तेथे दुसऱ्याने काढलेल्या आराखड्याप्रमाणे अचूक काम करायला तो शिकतो. ते कौशल्य मोलाचे आहे. पण हा आराखडा असा का, असे विचारण्याची मुभा त्याला मिळत नाही. त्याच्या आजोबाला ती होती.

अलीकडे परिस्थिती काहीशी बदलली आहे. २०१५ सालापासून बारावीनंतरच्या डिझाइन शिक्षणासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा होते. मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासक्रमासाठी कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो, आणि तीत चित्र काढून दाखवावे लागते. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला कलामहाविद्यालयाची जी. डी. आर्ट पदविका आणि वर्षभराचा व्यावसायिक अनुभव असलेल्यालाही बसता येते. जे. जे. मधून पवईला जाण्याची जी वाट नाडकर्णींना उल्ममार्गे शोधावी लागली, ती आता सरळ झाली आहे. अडचण उरते ती इंग्रजी प्रश्नपत्रिकेची, शिकवणीच्या खर्चाची आणि त्याहून अधिक माहितीच्या अभावाची.

पहिल्या दोन अडचणी लगेच दूर करणे आपल्या हाती नाही. तिसरी आहे. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर येथील आपल्या शाळांत आणि बोर्डिंगांत इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवणारी मुलेमुली दरवर्षी असतात. सुट्टीत गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात हाताशी काम करणारीही असतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांना ‘चित्रे पुरे’ असे सांगण्यापूर्वी जे. जे. च्या एका विद्यार्थ्याने आयआयटीत काय उभे केले, ते सांगावे. त्या परीक्षांचे अर्ज केव्हा निघतात, तेही सांगावे.