घोडा नसलेल्यांचं ऑलिंपिक

वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, 1914 साली अमरावतीत आखाडा सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळ माती होती, मल्लखांब होता आणि गावातली पोरं होती. या आखाड्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. उन्हाळी वर्गांना वऱ्हाडाबाहेरूनही मुलं येऊ लागली. ती लाठी, लेझीम, कुस्ती, मल्लखांब शिकत आणि आपापल्या गावी परतून दुसऱ्यांना शिकवत. हुतात्मा राजगुरूंनीही इथे व्यायामाचे धडे घेतले. मंडळाची कीर्ती बोर्डांनी किंवा वर्गणीनं पसरली नाही. ती इथून शिकून गेलेल्या माणसांच्या अंगाखांद्यांवरून पसरली, असं मला वाटतं.

संस्थेच्या वाटचालीतलं 1936 हे वर्ष मात्र वेगळंच आहे. त्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकच्या काळात मंडळाची तुकडी जर्मनीला गेली आणि मल्लखांब, हुतूतू असे आपले देशी प्रकार तिनं तिथे करून दाखवले. ही मुलं स्पर्धक नव्हती. पाहुणे म्हणून जायचं, जगाचे खेळ बघायचे आणि जगाला आपले दाखवायचे, असा तो प्रवास होता. अमरावती-अकोल्याकडच्या घरांतून तेव्हा मुंबईला जाणं हेसुद्धा मोठं काम होतं. त्या दिवसांत बोटीनं युरोप गाठायचा, तोही नाच-गाण्यासाठी किंवा बॅरिस्टरीसाठी नाही तर मल्लखांबासाठी, याचं मोल आज नीट उमगत नाही.

त्या ऑलिंपिकमध्ये घोड्यांचा मान फार मोठा होता. घोडेस्वारीची सगळी, म्हणजे सहाही सुवर्णपदकं यजमान जर्मनीनं घेतली. तीन दिवसीय स्पर्धेत डोबेरिट्झच्या माळावर अडथळ्यांची दौड होती. चौथा अडथळा पाण्याच्या डबक्यात होता आणि तिथे घोड्यांमागून घोडे कोसळले. पन्नास घोडेस्वार निघाले, त्यातले सत्तावीसच शेवटपर्यंत पोचले. जर्मनीचा कोनराड फॉन वांगेनहाइम पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी, 16 ऑगस्टला, तो त्या बाजूचा हात बांधून स्टेडियममध्ये उतरला. तिथे त्याचा घोडा कुर्फ्युर्स्ट त्याच्यासकट आडवा झाला. तरी तो पुन्हा स्वार झाला, फेरी पुरी केली आणि आपल्या संघाला सुवर्ण मिळवून दिलं. हिटलरच्या राजवटीनं त्या खेळांचा आपल्या दिखाव्यासाठी पुरेपूर वापर केला, हे विसरता येत नाही. पण मोडक्या हाडानिशी खोगिरावर बसणाऱ्या त्या माणसाची जिद्द त्याची स्वतःची होती, आणि आखाड्यात वाढलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

आता या स्पर्धेत उतरायला कोणाला मुभा होती ते बघा. तेव्हाच्या नियमानुसार घोडेस्वारीत सैन्यातल्यांपैकी फक्त अधिकारीच भाग घेऊ शकत. नियम नुसता कागदावर नव्हता. 1948 मध्ये स्वीडनच्या संघानं जिंकलेलं सुवर्ण पुढच्या वर्षी काढून घेण्यात आलं, कारण संघातला येनेल पेर्सन खरा अधिकारी नसून सार्जंट निघाला. भारतातल्या घोडदळात रिसालदार आपले होते, पण वरचे अधिकारी बहुतेक इंग्रज. म्हणजे घोडा आपल्या देशात होता, स्वारही होता, तरी त्या मैदानाचं दार बंद होतं. बर्लिनमध्ये मात्र 15 ऑगस्टला, डोबेरिट्झची दौड झाली त्याच दिवशी, ध्यानचंदांच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. काठी हातात घेऊन मैदानात धावायला हुद्दा लागत नव्हता.

वऱ्हाडची मुलं बर्लिनला घेऊन गेली ते खेळ याच जातीचे होते, आणि मंडळाचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. हुतूतूला एक मैदान आणि एक दम पुरतो. मल्लखांबाला लाकडाचा खांब लागतो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी त्याला जी शिस्त घालून दिली, ती पुढे गावागावांत टिकली ती याच स्वस्ताईमुळे. घोडेस्वारीसाठी तबेला, चारा, मोतद्दार, मोकळा वेळ, सारं लागतं. कापसाच्या भावावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ते कुठून परवडणार? ज्यांच्याकडे घोडा नव्हता, त्यांच्यासाठी मंडळानं खेळ उभा केला आणि तो जगापुढे मांडला.

पुढे दारं हळूहळू उघडली. 1952 च्या हेलसिंकीत ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार अधिकारी नसलेल्यांना आणि बायकांनाही खुला झाला. त्याच स्पर्धेत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये घोडेस्वारी पहिल्यांदा आली आणि रघुबीर सिंगांनी वैयक्तिक सुवर्णपदक पटकावलं. 2023 मध्ये हांगझोऊला भारतानं ड्रेसाज सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. हुतूतू, म्हणजेच आजची कबड्डी, 1990 च्या बीजिंग आशियाई खेळांत पदकाचा खेळ झाली आणि ते पहिलं सुवर्ण भारताचंच होतं.

मंडळाचा पसाराही या काळात वाढत गेला. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं, आणि संस्थेची धुरा वाहणाऱ्या प्रभाकरराव वैद्यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. एक काम मात्र तातडीचं आहे. बर्लिनला गेलेल्या मुलांची नातवंडं आज अमरावती, अकोला, बडनेरा, परतवाडा अशी कुठे कुठे असतील. त्यांच्या घरच्या ट्रंकांत बोटीवरून आलेली पत्रं, फोटो, एखादा पोशाख असेल, तर ते वाळवीच्या तोंडी जायच्या आत संस्थेच्या हाती पोचवावं आणि आजोबा काय सांगत होते ते कोणाकडून तरी लिहून घ्यावं.