कुणी, कुठं, कोणत्या साली

आयुष्यभर छपाईचे खिळे जुळवलेला माणूस पुस्तक हातात घेतलं की आधी छापखान्याचं नाव शोधतो. भोरमधल्या एका ट्रेडल छापखान्यात मी जुळारी होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं हे आमचं काम. घरातलं पवित्र शास्त्रही मी तसंच उघडतो: कुणी, कुठं, कोणत्या साली छापलं ते आधी, वचन नंतर. आता घरगुती उपासनेला वेल्ह्याकडची मुलं मोबाईल घेऊन येतात आणि कागद बरा की मोबाईल, यावर थोरल्यांची नाराजी सुरू होते.

त्या थोरल्यांना मी सांगतो, मराठी बायबलचा पहिला छापील भागसुद्धा महाराष्ट्रात झाला नाही. बंगालातल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये छापलं. तिथल्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या कारागिरांचे हात होते. कॅरींचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये निघाला तो मोडीत, कारण आपल्याकडचा माणूस रोजचं लिहिणं मोडीत करत होता. ११ मार्च १८१२ ला त्या छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं, कागद, खिळे सगळं गेलं. वितळलेलं शिसं गोळा करून त्यातूनच नवे खिळे ओतले आणि काम पुन्हा उभं केलं. हे वाचलं की माझ्या बोटांना अजून त्या शिशाचा स्पर्श जाणवतो.

मुंबईत अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये नवा करार काढला. त्यांचा छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. त्याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे पोथ्या छापणाऱ्या निर्णयसागर छापखान्याचे मालक झाले. म्हणजे आपल्याकडच्या घराघरांतली पोथी आणि माझ्या घरातलं शास्त्र, दोन्हींच्या अक्षरांचं घराणं एक. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

पण माझा जीव अडकतो तो केडगावात. दौंड तालुक्यातलं हे गाव, आमच्याच पुणे जिल्ह्यातलं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि टाकून दिलेल्या विधवा राहत होत्या. रमाबाईंना हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर करायचं होतं, आणि तेही संस्कृतचं ओझं नसलेल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. वर्षानुवर्षं त्या या कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला त्याच बायका होत्या. देवनागरीचे खिळे जुळवणं म्हणजे काय हे मला विचारा. खिळ्यांची शेकडो घरांची केस, जोडाक्षरं वेगळी, ओळ उलटी वाचायची आणि एक वेलांटी निसटली तर अर्थ बदलायचा. जिला कालपर्यंत कुणी अक्षर शिकवलं नव्हतं, तिनं हे उचललं. मुक्तीत अंध मुली ब्रेलही शिकत होत्या, बोटांनी वाचत होत्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या बायकांना अजून त्यांची जागा मिळालेली नाही, आणि मला त्याचं मनापासून दुःख आहे.

छपाईवर एवढा जीव असला तरी मोबाईलला मी नाकं मुरडत नाही. २००८ मध्ये यूव्हर्जनचं बायबल ॲप आलं. आज त्यात मराठी मजकूर आहे, ऐकायची सोयही आहे. वेल्ह्याकडे डोंगराआड रेंज जाते, पण एकदा उतरवून घेतलेला मजकूर रेंजवाचून चालतो. माझ्या आत्याला मोतीबिंदूमुळे बारीक छपाई दिसत नाही. ती अक्षर मोठं करते, नाहीतर कानाशी धरून स्तोत्रं ऐकते. खेड्यातल्या बाईपर्यंत वचन पोचावं हीच तर रमाबाईंची धडपड होती.

अडतं ते एकत्र वाचताना. पाळक अध्याय सांगतात, सगळे मिळून वाचायला लागतात आणि तिसऱ्या ओळीला आवाज फुटतात. कुणाच्या मोबाईलवर जुनं भाषांतर, कुणाच्या नवं. पुस्तकाचं नावाचं पान आधी उलटावं लागतं, ते न पाहता पुढे जाता येत नाही. मोबाईलमध्ये ती माहिती आत कुठंतरी असते आणि बोट तिथवर जात नाही. भाषांतर कुणाचं, सुधारलं कधी, हे ठाऊक नसेल तर कॅरी, वैजनाथ आणि केडगावच्या त्या बायका कायमच्या पुसल्या जातील.

म्हणून उपासनेच्या आधी मी मुलांना आवृत्तीची माहिती उघडायला लावतो. प्रत्येकानं आपल्या भाषांतराचं नाव आणि साल मोठ्यानं वाचायचं, मग सगळ्यांनी एकच आवृत्ती निवडायची आणि अध्याय सुरू करायचा.