गेलेल्यांची हजेरी

वाचकहो, 'मस्टर' हा शब्द आमच्या राहात्याच्या बाजारात कुणालाही विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडलेला म्हाताराही सांगेल, मस्टरवर नाव नाही तर पगार नाही! अमेरिकेत टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठात मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने चालतो.

दरवर्षी २१ एप्रिलला तिथले आजी-माजी विद्यार्थी, जगात जिथे असतील तिथे, एकत्र जमतात. वर्षभरात वारलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे पुकारतात, आणि प्रत्येक नावाला घरचे माणूस किंवा मित्र 'हजर' म्हणून ओ देतो.

तारीख १८३६ सालच्या सॅन हसिंटोच्या लढाईची. त्या दिवशी टेक्सासने मेक्सिकोच्या सैन्याचा पराभव केला. पण प्रथेला खरे तेज चढले १९४२ साली. फिलिपाइन्समधील कोरेहिडोर बेटावर जपानी तोफा आग ओकत होत्या. तिथले सेनानी जॉर्ज मूर याच कॉलेजचे. त्यांनी बेटावरच्या आपल्या कॉलेजबंधूंची यादी करवली आणि ती बातमी मायदेशी पोचली. पुढे पंधरवड्यातच, ६ मे रोजी, बेट पडले. १९४६ साली त्याच बेटावर पुन्हा मेळावा भरला. यादीतले किती जण त्याला नसतील, याची कल्पना आपणच करा.

आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत असे एक स्मृतिस्थान आहे. काँगोत १९६१ साली पडलेले गुरबचनसिंग सलारिया, १९७१ च्या युद्धातले अरुण खेत्रपाल हे तिथलेच छात्र. १६ जानेवारीला, स्थापनादिनी, तिथे पुष्पचक्र वाहतात. पण तो मान वीरांचा. टेक्सासात अंथरुणावर वारलेल्या कारकुनाचेही नाव पुकारतात. मला, खरे सांगतो, हे अधिक भावते. आपल्या महालयातही गुरू, शिष्य, आप्त यांच्या नावाने पिंड असतोच की!

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी छत्तीस म्हणालो आणि घाईने अडतीसवर गेलो. वर्ग गप्प होता. नंतर स्नेहसंमेलनात त्याचे नाव घ्यावे असे मी सुचवले, तर 'शुभकार्यात हे कशाला?' असे उत्तर मिळाले. मी गप्प बसलो. आता २१ एप्रिलला, सुट्टी नसेल तर, सदतीस क्रमांक पुकारणार आहे. ओ कोण देतो, पाहू.