अनुच्छेद 28 : ख्रिस्ती प्राथमिक शाळेतल्या धर्मशिक्षणावर भाष्य

डी.एल.एड. झाल्यावर तू एखाद्या मिशनच्या प्राथमिक शाळेत रुजू होशील. मुख्याध्यापिका वेळापत्रक हाती देतील आणि त्यात आठवड्याचा एक तास धर्मशिक्षणाचा असेल. तो तास कोणाला शिकवायचा आणि कोणत्या अटीवर, हे संस्थेच्या नियमावलीत शोधण्याआधी संविधानात शोध. उत्तर अनुच्छेद 28 मध्ये आहे. खंड तीन, वाक्ये मोजकी. प्रत्येक खंडाचा आशय माझ्या शब्दांत मांडतो आणि मग अर्थ लावतो. मूळ मजकूर मात्र समोर उघडा ठेव.

खंड 1. जी शिक्षणसंस्था पूर्णतः राज्याच्या पैशावर चालते, तिच्यात धार्मिक शिक्षण द्यायचे नाही.

‘राज्य’ म्हणजे केवळ मुंबईचे मंत्रालय नव्हे. अनुच्छेद 12 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणेही राज्यात येतात. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबची जिल्हा परिषद शाळा या खंडात बसते. तिथे बायबलचा तास नाही, गीतेचा नाही, कुराणाचा नाही. कारण विचारशील तर मसुद्याकडे जा. मसुद्यात हा अनुच्छेद 22 होता. डिसेंबर 1948 मध्ये त्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलेल्या कारणांचा आशय असा: करातून जमलेला पैसा एका धर्माच्या कामी लावता येत नाही, धर्म आणि पंथ इतके आहेत की सगळ्यांची सोय सरकारी शाळा करू शकत नाही, आणि जो तो धर्म सत्य आपल्याकडेच आहे असे सांगतो, त्यातून मुलांमध्ये दुरावा वाढतो.

‘पूर्णतः’ या शब्दापाशी थांब. आपल्याकडे खासगी शाळेलाही ‘शंभर टक्के अनुदानित’ म्हणतात. मग मिशनची शंभर टक्के अनुदानित शाळा खंड 1 मध्ये येते का? तसे वाचणारे आहेत. मला ते वाचन पटत नाही. अनुदानातले शंभर टक्के म्हणजे मुख्यतः मंजूर पदांचे वेतन. जागा संस्थेची, इमारत संस्थेची, कारभार संस्थेचा. शिवाय खंड 3 मध्ये राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या संस्थांचा वेगळा वर्ग केला आहे. साहाय्य घेणारी प्रत्येक शाळा खंड 1 मध्येच ढकलली, तर तो वर्ग रिकामा राहतो. संविधानातला कोणताही शब्द रिकामा मानायचा नाही, हा वाचनाचा पहिला नियम.

‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे काय? श्रद्धा रुजवण्यासाठी, आचार आणि प्रार्थना शिकवण्यासाठी दिलेले शिक्षण. धर्माविषयीची माहिती म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. 1971 च्या डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास सर्वोच्च न्यायालयाने यात धरला नाही. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांचा परिचय आणि धर्माचे शिक्षण यांत न्यायालयाने फरक केला. याचा अर्थ, येशूचा जन्म कुठे झाला हे इतिहासाच्या तासाला सांगता येते. येशू तुझा तारणारा आहे, हे सांगितले की धार्मिक शिक्षण सुरू झाले.

खंड 2. संस्था राज्य चालवते, पण ज्या दानातून किंवा विश्वस्त निधीतून ती उभी राहिली त्याची अटच धार्मिक शिक्षणाची आहे, तर खंड 1 लागू नाही. दात्याची अट राज्य मोडत नाही, एवढाच याचा अर्थ. तुझ्या शाळेचा कारभार राज्याकडे नाही, तेव्हा पुढे चल.

खंड 3. हा तुझा खंड. राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कोणाही व्यक्तीवर तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची, किंवा संस्थेत वा तिला जोडलेल्या जागेत होणाऱ्या उपासनेला हजर राहण्याची सक्ती नाही. त्या व्यक्तीने, आणि ती अज्ञान असेल तर तिच्या पालकाने, संमती दिली असेल तरच ते करता येते.

‘मान्यता किंवा साहाय्य.’ दोन्हींपैकी एक पुरे. म्हणजे विनाअनुदानित शाळाही यात आली आणि महाराष्ट्राच्या 2012 च्या कायद्याखालची स्वयंअर्थसहाय्यित शाळाही आली. ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. चर्चमध्ये भरणारी संडे स्कूल ही मान्यताप्राप्त संस्था नाही, ती या खंडाबाहेर. आणि हा खंड ख्रिस्ती शाळेपुरता नाही. कळंब हे चिंतामणीचे क्षेत्र; उद्या एखाद्या देवस्थानाने शाळा काढली, मदरशाने मान्यताप्राप्त प्राथमिक वर्ग उघडले, तरी हीच ओळ त्यांनाही लागू.

‘कोणाही व्यक्तीवर.’ हे शब्द अनेक शाळा नजरेआड करतात. ‘अन्य धर्मीय विद्यार्थ्यावर’ असे मजकुरात नाही. याचा अर्थ, ख्रिस्ती घरातल्या मुलाच्या पालकाचीही संमती हवी. रूढी अशी की ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची नीतिशिक्षणाला. हजेरीपटावरचे नाव पाहून मुले वाटली जातात. पण कॅथलिक शाळेत प्रोटेस्टंट मूल असते, मेथॉडिस्ट शाळेत कॅथलिक असते, आणि ‘आमच्या लेकराला आम्ही घरी शिकवू’ म्हणणारा बापही असतो. नाव म्हणजे संमती नव्हे.

‘भाग घेणे’ आणि ‘हजर राहणे.’ शिक्षणासाठी पहिला शब्द, उपासनेसाठी दुसरा. असे का? एक वाचन असे की मुलाला बायबलच्या तासाला गप्प बसवून ठेवता येईल, त्याने तोंड उघडले नाही म्हणजे भाग घेतला नाही. हे वाचन चुकीचे आहे. सात वर्षांचे मूल वर्गात बसले की ऐकते, आणि ऐकणे हेच त्याचे शिकणे. उपासनेबाबत ‘हजर’ हा शब्द संरक्षण वाढवतो: हात जोडले नाहीत तरी नुसत्या उपस्थितीचीही सक्ती नको. 1986 चा बिजो इमॅन्युएल खटला यासोबत वाच. तो अनुच्छेद 28 चा नाही. केरळातली यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. मुलाच्या मौनालाही घटनेचे संरक्षण आहे, हे त्यातून घ्यायचे.

परिपाठातली प्रार्थना उपासना ठरते का? एका विशिष्ट देवाला उद्देशून, त्याच्या नावाने मागणे मागितले जात असेल तर माझ्या मते ठरते. सुविचार आणि प्रतिज्ञा ठरत नाहीत.

‘जोडलेल्या जागेत.’ म्हणजे आवारातले चर्च. शाळा चर्चपासून वेगळी आहे म्हणून पहिल्या शुक्रवारी सगळ्या वर्गांच्या रांगा तिकडे नेता येतात, हा युक्तिवाद या शब्दांनी बंद केला.

‘पालक’ आणि ‘अज्ञान.’ अज्ञान म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. प्राथमिक शाळेतले प्रत्येक मूल अज्ञान आहे, म्हणून निर्णय शाळेचा नाही आणि एकट्या मुलाचाही नाही. या शब्दामागे महाराष्ट्राने भोगलेला इतिहास आहे. 1843 साली मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या प्रभावाने नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागोमाग मिशनकडे गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने अज्ञान श्रीपतला वडिलांच्या हवाली केले. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. त्याच मिशनरी शाळांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनाही शिकवले, हे विसरू नकोस. शाळेचे ऋण मोठे होते, म्हणूनच पालकाची भीतीही मोठी होती. 1854 च्या वूडच्या खलित्याने मिशनच्या शाळांना अनुदानाचा रस्ता मोकळा केला तोही लौकिक शिक्षणासाठी.

‘संमती.’ सगळा भार या शब्दावर आहे. पहिले वाचन: ख्रिस्ती शाळा आहे हे ठाऊक असून पालकाने प्रवेश घेतला, म्हणजे संमती दिली. दुसरे वाचन: संमती वेगळी, त्याच गोष्टीसाठी दिलेली हवी. पहिले वाचन सोयीचे आहे, पण टिकत नाही. शाळेत शिकणारे प्रत्येक मूल प्रवेश घेऊनच आलेले असते. प्रवेश हीच संमती असती, तर हा खंड एकाही मुलाच्या कामाला आला नसता. म्हणून दुसरे वाचन खरे. प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक टायपात छापलेली ओळ मी संमती मानत नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम, गोंड, बंजारा घरांतली मुले शाळेत येतात. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आईचा अंगठा छापील मराठी अर्जावर उमटला म्हणून तिला मजकूर कळला असे होत नाही. तिला बोलून सांगितले पाहिजे.

दिलेली संमती मागे घेता येते का? मजकूर गप्प आहे. पण सक्ती नसणे हा नियम आणि संमती हा त्याला अपवाद, हे लक्षात घेतले तर मागे घेता येते असेच मानावे लागते. अपवाद संपला की नियम परत येतो.

आणखी एक सूचित अर्थ. जे मूल तासाला बसत नाही त्याला व्हरांड्यात उभे केले, बक्षीस नाकारले, फीची सवलत काढली, तर शब्दांत सक्ती नसली तरी परिणामात आहे. त्या तासाला त्याच्यासाठी दुसरे शिक्षण हवे: वाचन, चित्रकला, नीतिशिक्षण. एकच शिक्षिका असेल तर तास शाळा सुटण्याआधी शेवटी ठेवावा, म्हणजे बाकीची मुले घरी जातील.

कोणी अनुच्छेद 30 पुढे करील: अल्पसंख्याकांना आपली शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. तो हक्क खरा आहे, आणि खंड 3 ने धर्मशिक्षणावर बंदीही घातलेली नाही. संमती दिलेल्या मुलांना ते मनापासून, पूर्ण तयारीने शिकव. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. पण शाळा चालवण्याच्या हक्कात दुसऱ्याच्या मुलाला उपासनेला बसवण्याचा हक्क येत नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक पालकाला, ख्रिस्ती असो वा नसो, समोर बसवून विचार आणि उत्तर लिहून घे. ज्या मुलाचा तो कागद तुझ्याकडे नाही, त्याला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवू नकोस.